पाठीवर १९५१, तबकडीवर टी : एका मार्क ११ ची तपासणी

विकायला आलेलं घड्याळ स्विस कंपनी आयडब्ल्यूसीचं मार्क ११, म्हणजे ब्रिटिश हवाई दलात विमानाचा मार्ग ठरवणाऱ्या नॅव्हिगेटरसाठी बनवलेलं मनगटी घड्याळ. स्टीलची केस, काळी तबकडी, पांढरे आकडे. मागच्या झाकणावर ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा बाण, त्याखाली हवाई दलाच्या भांडाराचा क्रमांक ६बी/३४६, त्याखाली अनुक्रमांक आणि तिरक्या रेघेपुढे ५१, म्हणजे १९५१ साल. तबकडीवर आणखी एक बाण आणि छोट्या गोलात छापलेलं इंग्रजी टी अक्षर. विक्रेता इंग्लंडमधला, घेणारा मुंबईतला. जाहिरातीत दावा असा की घड्याळ पूर्ण मूळ अवस्थेत आहे आणि १९५१ नंतर त्यातला एकही भाग बदललेला नाही.

हा दावा घड्याळच खोडून काढतं. गोलातला टी म्हणजे ट्रिटियम, अंधारात चमकणाऱ्या रंगातला किरणोत्सर्गी पदार्थ. ब्रिटिश लष्करी घड्याळांवर ही खूण १९६० च्या दशकात, त्याआधीचा, जास्त घातक रेडियमचा चमकता रंग काढून ट्रिटियमचा लावायला सुरुवात झाली तेव्हा आली. १९५१ साली दिलेल्या घड्याळावर ती पहिल्या दिवसापासून असूच शकत नाही. इथे नवखा संग्राहक दोनपैकी एक चूक करतो. एक तर टीकडे दुर्लक्ष करून पूर्ण किंमत मोजतो, नाही तर ‘तबकडी बदललेली आहे, म्हणजे बनावट’ असं ठरवून चांगलं घड्याळ हातचं घालवतो.

सरकारी घड्याळ हे एका माणसाच्या मालकीच्या घड्याळासारखं जगत नाही. ते भांडारातून निघतं, वापरलं जातं, दुरुस्तीला जातं, पुन्हा भांडारात येतं आणि दुसऱ्याच्या मनगटावर जातं. दुरुस्तीच्या टेबलावर एका वेळी अनेक घड्याळं उघडलेली असतात आणि तिथल्या कारागिराला संग्राहकाची फिकीर नसते. त्याला घड्याळ चालू करून परत पाठवायचं असतं. त्यामुळे अशा घड्याळात भाग जुळत नाहीत, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. तो बेमेळ हवाई दलाच्या कार्यशाळेत होऊ शकला असता का, हे विचारावं लागतं. होऊ शकला असता, तर तो घड्याळाचा इतिहास. नसता, तर नंतर कुणाचा तरी हात फिरला आहे. ही संपूर्ण तपासणी या एका कसोटीवर केलेली आहे.

हे घड्याळ कशासाठी होतं

मार्क ११ चं मोल त्याच्या कामातून येतं. विमानातला नॅव्हिगेटर सेक्स्टंटने ताऱ्याची उंची मोजायचा आणि त्या क्षणाची वेळ टिपायचा. पृथ्वी ४ सेकंदांत रेखांशाचा १ कलांश (अंशाचा साठावा भाग) फिरते. म्हणजे विषुववृत्ताजवळ घड्याळ ४ सेकंद चुकलं की नकाशावरची जागा १ सागरी मैल सरकली.

म्हणून १९४० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश हवाई मंत्रालयाने कडक अटींवर हे घड्याळ मागवलं. पुरवठादार दोन, शाफहाउसेनची आयडब्ल्यूसी आणि जेगर-लेकूल्त्र. आयडब्ल्यूसीच्या घड्याळात कॅलिबर ८९ हे मशीन, जेगर-लेकूल्त्रच्या घड्याळात ४८८/एसबीआर. दोन्हीत सेकंद काटा मधोमध आणि चावीचा गुंडा बाहेर ओढला की तो थांबतो. वेळेच्या संकेताशी सेकंदासेकंदाने घड्याळ जुळवायचं तर हे हवंच. ग्रीनिच वेधशाळेची हर्स्टमन्सू इथली क्रोनोमीटर कार्यशाळा ही घड्याळं तपासून घ्यायची. चाचणी दोन आठवड्यांची, पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि थंडी-उष्णता दोन्हींत.

दुसरी मोठी गरज चुंबकत्वापासून बचावाची. कॉकपिटमधली विद्युत उपकरणं आणि रडार यांच्या शेजारी हेअरस्प्रिंगला (घड्याळाची गती ठरवणाऱ्या बॅलन्स चाकाची बारीक स्प्रिंग) चुंबकत्व लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळतं. त्यावरचा उपाय म्हणजे मशीनभोवती मऊ लोखंडाची पेटी : वर लोखंडी तबकडी, कडेने लोखंडी कडं, खाली लोखंडी झाकण. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र या लोखंडातून वळसा घालून जातं. पेटीतला एक भाग जरी गेला तरी बाहेरून घड्याळ तसंच दिसतं, तसंच चालतं. या प्रकरणात पुढे हेच घडलेलं सापडलं.

पैसे देण्याआधी

विक्रेत्याकडून सहा गोष्टी मागवल्या : समोरून सरळ फोटो, पाठीचा तिरप्या उजेडातला फोटो, पट्ट्याच्या दोन्ही दांड्यांचा बाजूने फोटो, काट्यांचा अगदी जवळून फोटो, मागचं झाकण उघडून आतला फोटो, आणि गुंडा ओढल्यावर सेकंद काटा थांबतो की नाही याचा व्हिडिओ. शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची. कॅलिबर ८९ हे आयडब्ल्यूसीने साध्या नागरी घड्याळांतही भरपूर वापरलं. ती नागरी घड्याळं तुलनेने स्वस्त मिळतात. त्यांचं मशीन मार्क ११ च्या केसमध्ये बसतं, पण त्यात सेकंद थांबवण्याची सोय नसते. दहा सेकंदांच्या व्हिडिओत हा मोठा धोका निकालात निघतो. इथे काटा थांबला.

पाठीचा फोटो तिरप्या उजेडातच हवा. झाकण पॉलिश झालं असेल तर कोरीव अक्षरांच्या कडा गोल होतात आणि बाणाची टोकं उथळ होतात. पॉलिश आधी आणि कोरणी नंतर झाली असेल तर उलट दिसतं : ओरखड्यांच्या रेघा अक्षराच्या कडेपाशी तुटतात, ओरखडा अक्षरात उतरत नाही. आयडब्ल्यूसीने सरकारी खुणा नसलेलं मार्क ११ नागरिकांनाही विकलं आहे आणि त्यावर नंतर बाण कोरण्याचा मोह उघड आहे, म्हणून ही बारकाई हवी. या घड्याळाच्या पाठीवरचे ओरखडे अक्षरांच्या आतपर्यंत उतरलेले होते. कोरणी जुनी.

दांड्या केसमध्ये पक्क्या बसवलेल्या होत्या. पट्ट्याची स्प्रिंगची दांडी झटका बसला की निसटते, म्हणून लष्करी घड्याळात पक्की दांडी. पुढे कुणीतरी चामड्याचा साधा पट्टा लावण्यासाठी ती कापून तिथे भोकं पाडतो. ते नुकसान दुरुस्त झालं तरी लपत नाही.

काट्यांच्या फोटोत मात्र अडचण दिसली. तबकडीवरचा चमकता रंग सायीसारखा फिका, काट्यांमधला गडद तपकिरी आणि तडकलेला. तास काट्याचं टोक सरळ कापलेलं, मिनिट काटा टोकदार. आकार मार्क ११ चाच, पण दोन्ही रंग एका वयाचे वाटत नव्हते. विक्रेत्याने आतला फोटो पाठवला नाही, झाकण उघडायचं अवजार नाही असं कळवलं. ही सबब खरीही असू शकते, म्हणून सौदा न तोडता एक अट घातली : हातात आल्यापासून चौदा दिवसांत घड्याळजीकडून उघडून पाहणार, आणि मशीन किंवा पेटी अपुरी निघाली तर परत. लिहून घेतलेली ही अट पुढे कामी आली.

रेडियम की ट्रिटियम : न उघडता केलेली चाचणी

घड्याळ आल्यावर पहिलं काम गायगर काउंटरचं, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राचं. त्यामागचं भौतिकशास्त्र साधं आहे. ट्रिटियमचे बीटा कण इतके दुबळे असतात (कमाल ऊर्जा १८.६ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट) की ते काही मिलिमीटर हवेतच थांबतात आणि काचेतून बाहेर येत नाहीत. रेडियम-२२६ आणि त्याच्यापासून तयार होणाऱ्या मूलद्रव्यांचे बीटा व गॅमा किरण काचेतून सहज येतात. म्हणून खऱ्या ट्रिटियम घड्याळावर काउंटर शांत राहायला हवा. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षांचं, म्हणजे साठ वर्षांत ते ३ टक्क्यांच्या आसपास उरतं. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं. रेडियमच्या घड्याळाचा उजेड विझतो तो रंगातला झिंक सल्फाइड थकल्याने. किरणोत्सर्ग तसाच चालू राहतो.

आधी पाच मिनिटं घड्याळ दूर ठेवून खोलीचं नेहमीचं मोजमाप घेतलं. मग काचेपासून एक सेंटिमीटरवर पाच मिनिटं. आकडा खोलीच्या पाचपट झाला. टीच्या तबकडीवर हे व्हायला नको होतं.

आता कारणं तीन संभवतात. तबकडी रेडियमचीच आहे आणि टी नंतर छापला आहे. किंवा तबकडी ट्रिटियमची आहे पण काटे जुने रेडियमचे आहेत. किंवा काढलेल्या रेडियमची धूळ केसमध्ये राहिली आहे. पहिलं कारण म्हणजे फसवणूक, दुसरं म्हणजे भागांची अदलाबदल, तिसरं म्हणजे अर्धवट साफसफाई. तिघांत फरक करायला घड्याळ उघडावं लागत नाही.

दोन मिलिमीटर जाडीच्या शिशाच्या पत्र्याला चार-पाच मिलिमीटरचं भोक पाडलं. पत्रा काचेवर ठेवला की बीटा कण भोकातूनच वर येतात, गॅमाचा काही भाग पत्र्यातूनही येतो. फरक कळायला एवढं पुरतं. गुंडा ओढून मशीन थांबवलं, काटे बरोबर १२ वाजता ठेवले. भोक तबकडीच्या वरच्या कडेवर, १२ पाशी, आणि पाच मिनिटं मोजणी. मग पत्रा न हलवता काटे ६ वाजून ३३ मिनिटांवर नेले. या वेळी दोन्ही काटे एकावर एक येऊन खाली ६ च्या जरा पुढे असतात. पुन्हा पाच मिनिटं मोजणी त्याच जागी, १२ पाशी.

पहिल्या मोजणीत आकडा चढा, दुसऱ्या मोजणीत जवळजवळ खोलीच्या पातळीवर. मग भोक ६ पाशी नेल्यावर तिथे आकडा चढा मिळाला. किरणोत्सर्ग काट्यांबरोबर फिरत होता. तबकडी रेडियमची असती तर काटे कुठेही असोत, १२ पाशी आकडा चढाच राहिला असता. धूळ असती तर आकडा काट्यांच्या जागेवर ठरला नसता. म्हणजे तबकडी खरोखर ट्रिटियमची, काटे रेडियमचे.

अतिनील टॉर्चनेही याला पुष्टी मिळाली. तबकडीवरचे ठिपके दिव्याखाली उजळले आणि दिवा काढताच एक-दोन सेकंदांत विझले. काटे जवळजवळ उजळलेच नाहीत. दिवा काढल्यावर मिनिटभर हिरवा उजेड राहिला असता तर रंग अलीकडचा समजायला हवा होता. मुंबईच्या बाजारात तबकड्या नव्याने रंगवण्याचा धंदा जुना आहे आणि त्यातली काही कामं खूप सफाईची असतात, पण रंगाचं हे वागणं त्यांना सहज जमवता येत नाही.

हा बेमेळ कार्यशाळेतला म्हणता येईल का? तबकडी येईल. रेडियम काढून ट्रिटियमची तबकडी घालणं हे त्या काळातलं सरकारी कामच होतं, आणि ५१ च्या पाठीवर टीची तबकडी ही आमच्या मते पूर्णपणे मान्य करण्यासारखी जोडी आहे. अशा घड्याळाला ‘बदललेलं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी त्याच्या दीर्घ नोकरीचा विचार करावा. मार्क ११ हवाई दलात १९८१ पर्यंत होतं. काटे मात्र येत नाहीत. रेडियम हटवण्यासाठी तबकडी बदलायची आणि रेडियमचे काटे परत लावायचे, याला अर्थ नाही. हे काटे नंतर, नागरी दुरुस्तीत, दुसऱ्या जुन्या घड्याळातून आलेले असण्याचीच शक्यता मोठी.

झाकण उघडल्यावर

उघडण्याआधी एक साधी चाचणी होकायंत्राने केली. घड्याळ होकायंत्राच्या सुईच्या उत्तर टोकाजवळ नेलं, मग दक्षिण टोकाजवळ. दोन्ही टोकं सारखीच ओढली गेली. लोखंड आहे आणि ते स्वतः चुंबक झालेलं नाही, असा याचा अर्थ. एक टोक ढकललं गेलं असतं तर आधी चुंबकत्व काढणारा डिमॅग्नेटायझर वापरावा लागला असता. लोखंड तपासायला चुंबक मात्र कधीही जवळ नेऊ नये.

मागचं झाकण स्क्रूचं आहे. घड्याळजीने आधी रबरी चेंडूने प्रयत्न केला, मग खाचांच्या मापाची चावी. चुकीच्या मापाची चावी घसरली की कोरीव पाठीवर ओरखडा कायमचा. झाकण निघालं आणि थेट मशीनचे ब्रिज, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या, दिसले. तिथे आधी लोखंडी आतलं झाकण दिसायला हवं होतं. ते नव्हतं.

हा या घड्याळाचा खरा दोष. ज्या गोष्टीसाठी मार्क ११ बनवलं, तिचा तिसरा भाग गायब. हवाई दलाची कार्यशाळा असं घड्याळ बाहेर सोडणार नाही. आतलं झाकण हरवतं ते बहुधा साध्या दुरुस्तीच्या टेबलावर, जिथे त्याचं काम कुणाला ठाऊक नसतं. काट्यांवरून काढलेला निष्कर्ष आणि हा, दोन्ही एकाच दिशेला जातात.

मशीन स्वतः समाधानकारक निघालं. सेकंद थांबवणारी पट्टी मूळ जागी, स्क्रूंच्या खाचा फारशा घासलेल्या नाहीत, हेअरस्प्रिंगचं वरचं वळण सरळ बसलेलं. तबकडीच्या कडेला, कड्याला टेकते तिथे, बारीक गंज. घड्याळाची चाल मोजणाऱ्या टाइमिंग मशीनवर तासाला १८,००० ठोक्यांची सेटिंग ठेवून पूर्ण चावी दिल्यावर आडव्या स्थितीत बॅलन्स चाकाचा झोका २१० अंशांच्या आसपास, उभ्या स्थितीत आणखी कमी. चांगल्या सर्व्हिसिंगनंतर आडव्या स्थितीत २७० च्या पुढे जायला हवं. तेल सुकलं आहे एवढंच याचं कारण दिसलं, झीज नाही. मशीनचा नंबर टिपून आयडब्ल्यूसीकडून जुन्या नोंदीचा उतारा मागवण्याचं ठरलं. मशीन कुठल्या प्रकारच्या घड्याळात बसून कारखान्यातून निघालं, हे त्यातून कळतं. पाठीचं झाकण घड्याळाघड्याळांत अदलाबदल होऊ शकतं, मशीनचा नंबर तसा बदलत नाही.

सौदा आणि पुढचं काम

परतीची अट हातात असल्याने बोलणं सोपं झालं. तपासणीचे आकडे, शिशाच्या पत्र्याच्या दोन मोजण्या आणि उघड्या मशीनचा फोटो विक्रेत्याला पाठवले. मागणी दोनच गोष्टींच्या बदल्यात कपातीची होती, आतलं झाकण आणि काटे. तबकडीसाठी कपात मागितली नाही, कारण तबकडीत दोष नव्हता. अशी नेमकी मागणी विक्रेते मान्य करतात. ‘घड्याळ मूळचं नाही’ असं मोघम बोललं की भांडण होतं. किंमत कमी झाली, घड्याळ मुंबईत राहिलं.

काट्यांना हात लावायचा नाही असं ठरलं. तडकलेला रेडियमचा रंग खरवडून नवा भरणं हे दोन कारणांनी वाईट. धूळ श्वासातून आत गेली तर रेडियम हाडांत साठतो, आणि खऱ्या जुन्या काट्यांचं नुकसान होतं ते वेगळंच. सर्व्हिसिंगच्या वेळी काटे काढताना तबकडीवर पातळ प्लॅस्टिक, हातात मोजे, टेबलावर ओला टिश्यू. फुंकर नाही, ब्रश नाही, ब्लोअर नाही, आणि काटे अल्ट्रासॉनिक टाकीत तर कधीच नाहीत, कारण सगळं द्रावण दूषित होतं. हे घड्याळजीला आधी सांगायला हवं. बऱ्याच चांगल्या कारागिरांनाही रेडियमचा धोका माहीत नसतो. काट्यातला रंग सुटत असेल तर मागच्या बाजूने पातळ लाखेचा एक थेंब त्याला धरून ठेवतो.

आतलं झाकण सुटं मिळणं कठीण. मिळेपर्यंत खरादीवर नवं बनवता येतं, पण ते मऊ लोखंडाचंच हवं, आणि कातकामानंतर तापवून सावकाश थंड केलेलं. कातताना धातूवर ताण येतो आणि चुंबकीय क्षेत्र सहज वाहून नेण्याचा गुण कमी होतो, तापवल्याने तो परत येतो. पितळेचं किंवा साध्या स्टेनलेस पत्र्याचं झाकण जागा भरतं, काम करत नाही. नव्या झाकणाच्या आतल्या बाजूला बनवल्याचं साल कोरायचं, म्हणजे पुढच्या मालकाची दिशाभूल होणार नाही.

मुंबईच्या हवेत खरा शत्रू गंज. स्टीलची केस टिकते, पण आतली तबकडी लोखंडाची आहे, आणि जुन्या गास्केटमधून (झाकणाखालचं हवाबंद कडं) पावसाळ्याची दमट हवा आत शिरली की रंगाखाली गंज फुगतो व आकडे उचलले जातात. गास्केट नवं घातलं. घड्याळ सिलिका जेलच्या डब्यात, आर्द्रतामापक ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. इथे रेडियमची एक अडचण आहे. रेडियमपासून रेडॉन वायू निघतो आणि तो हवाबंद डब्यात साचतो. एका घड्याळातून निघणारं प्रमाण थोडं असलं तरी डबा झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवू नये आणि उघडताना खिडकीपाशी उघडावा. पावसाळ्यात सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की ओव्हनमध्ये सुकवून परत घालायचे. दर वर्षी जूनच्या आधी झाकण न उघडता भिंगाने तबकडीची कड पाहायची. गंज पुढे सरकला असेल तर आकड्यांच्या पायाशी रंगाला बारीक फुगवटा येतो आणि तो आधी तिरप्या उजेडातच दिसतो.

घड्याळाबरोबर एक कागद ठेवला आहे. त्यावर मशीनचा नंबर, पाठीचा क्रमांक, तबकडी ट्रिटियमची, काटे रेडियमचे व बहुधा दुसऱ्या घड्याळातले, आतलं झाकण नवीन, गायगरच्या मोजण्या आणि त्यांच्या तारखा, आणि सर्व्हिसिंगनंतरचा पाच स्थितींतला दिवसाचा फरक सेकंदांत.